पहिलं गिऱ्हाईक तुम्ही व्हा

मा. श्री. देवेंद्र फडणवीस
मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, आणि पालकमंत्री, गडचिरोली जिल्हा
यांस,



मुख्यमंत्रिपदाचा एवढा व्याप असताना गडचिरोलीचं पालकमंत्रिपद आपण स्वतःकडे घेतलंत, याचं इकडच्या लोकांना अप्रूप आहे. २०२५ च्या पहिल्याच दिवशी आपण जिल्ह्याच्या टोकाला गेलात, वांगेतुरीच्या रस्त्यावर एसटी धावली, तेव्हा टीव्हीसमोर बसलेल्या चंद्रपूरच्या आम्हा लोकांनाही बरं वाटलं. शेवटी १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. सूरजागडचं लोहखनिज आणि कोनसरीचा पोलाद प्रकल्प यांवर आपण बोलता तेव्हा लोक कान देऊन ऐकतात. माझं पत्र त्याहून पुष्कळ लहान उद्योगाबद्दल आहे, आणि तो उद्योग या जंगलात रुजावा की पुण्या-बंगळुरातच राहावा, हे बऱ्याच अंशी आपल्या सरकारच्या हातात आहे.

मी चंद्रपुरात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातली एक छोटी सेवा कंपनी चालवते. आम्ही नवं यंत्र बनवत नाही. यंत्राला शिकवायला जे फोटो, आवाज, कागद लागतात ते नीट लावून देणं, यंत्राने दिलेलं उत्तर तपासणं, आणि ते उत्तर ज्याला हवं आहे त्याच्या हातात त्याच्या भाषेत ठेवणं, एवढं आमचं काम. कामावर असलेली मुलं-मुली सिंदेवाही, नागभीड, मूल, आरमोरी अशा गावांतून आलेली आहेत. बहुतेक पदवीधर आहेत, आणि बहुतेकांच्या घरी उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडला जातो.

आमच्याकडे जंगलातल्या कॅमेरा ट्रॅपचे फोटो वर्गवारीला येतात. परवा एका मुलीच्या पडद्यावर रात्रीचा करडा फोटो होता. समोर गवत, आणि डाव्या कोपऱ्यात एका जनावराच्या मानेचा आणि पाठीचा तेवढा तुकडा. यंत्राने त्यावर ‘अस्वल’ असा शिक्का आधीच मारलेला होता. तिने फोटो मोठा केला, क्षणभर पाहिला आणि ‘रानडुक्कर’ लिहिलं. मी विचारलं, कशावरून? ती म्हणाली, मॅडम, मानेवरचे केस पाहा ना, उभे आहेत. अस्वलाचे केस लोंबतात, असे ताठ राहत नाहीत. ही नजर तिला कुठल्या अभ्यासक्रमाने दिलेली नाही. मोहफुलं वेचायला पहाटे आईबरोबर जाताना समोर काय हललं हे ओळखावंच लागतं, त्यातून ती आलेली आहे. तिने दिलेली दुरुस्ती यंत्राकडे परत जाते आणि पुढच्या वेळी यंत्र थोडं कमी चुकतं. शहाणपण जंगलाकाठच्या मुलीचं आणि हुशार ठरतं यंत्र. या व्यवहारात तिच्या वाट्याला काय येतं, हा या पत्राचा विषय आहे.

हे काम थोडंथोडकं नाही. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांतून ३ कोटी ४८ लाखांहून अधिक फोटो निघाले, आणि त्यांत वाघाचे फोटो होते ७६,६५१. बाकी सगळं चितळ, सांबर, गायी-म्हशी, माणसं आणि वाऱ्याने हललेलं गवत. इतक्या फोटोंमधून वाघ वेगळा काढायला यंत्राची मदत घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि यंत्राला वाघ ओळखता यावा म्हणून आधी माणसांनाच तो ओळखून द्यावा लागला.

आता हाच कॅमेरा गणनेपुरता राहिलेला नाही, गावाच्या वेशीवर आला आहे. ताडोब्याच्या बफरमधल्या सीतारामपेठला २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी सूचना यंत्रणा उभी राहिली. वाघ गावाच्या दिशेने आला की कॅमेरा त्याला ओळखतो आणि गावाला सावध करतो. या यंत्रणेचं मोल आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा-माल गावच्या तीन बाया तेंदूपत्ता तोडायला गेल्या आणि तिघीही वाघाच्या हल्ल्यात गेल्या. एकाच दिवशी, एकाच गावच्या. दोनशेहून अधिक वाघ असलेल्या आमच्या जिल्ह्यात असं एखादं यंत्र कुणाचा जीव वाचवणार असेल तर ते गावोगावी हवं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

पण साहेब, असं यंत्र बसवणं हे कामाचं पहिलं पाऊल आहे, पुढचं काम कधी संपतच नाही. कॅमेऱ्याच्या काचेवर कोळी जाळं विणतो. पावसाळ्यात वेल वाढून अर्धं दृश्य झाकतं. सौर पॅनेलवर कोळशाची धूळ बसते. आणि सगळ्यांत अवघड प्रश्न असतो तो यंत्राच्या खात्रीचा. किती खात्री वाटली म्हणजे भोंगा वाजवायचा? खात्रीचा हा उंबरठा खाली ठेवला तर रात्री परतणाऱ्या प्रत्येक गोऱ्ह्याला यंत्र वाघ म्हणणार, चार रात्री लोक काठ्या घेऊन धावणार, पाचव्या रात्री कुणी उठणार नाही. उंबरठा वर ठेवला तर खरा वाघ निसटून जाईल. हा आकडा दिल्लीत बसून कायमचा ठरवता येत नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसांत तो वेगळा हवा, तेंदूच्या हंगामात वेगळा, आणि गावातलं कुणी गेल्याच आठवड्यात मारलं गेलं असेल तर आणखी वेगळा. तो आकडा गावाशी, वनरक्षकाशी आणि प्राथमिक प्रतिसाद दलातल्या पोरांशी बोलून ठरवणारं आणि दर पंधरवड्याला पुन्हा तपासणारं कुणीतरी जवळपास लागतं. त्यालाच मी सेवा म्हणते. वाघ ओळखणारं मॉडेल आज कुणीही विकत घेऊ शकतं, उद्या ते आणखी स्वस्त होईल. मेंढा-मालहून संध्याकाळी सहाला फोन आल्यावर तासाभरात पोचणारा माणूस मात्र विकत आणता येत नाही. तो इथेच राहणारा असावा लागतो, आणि त्याने इथे राहावं म्हणून त्याला पगार देणारी कंपनी इथे असावी लागते.

इकडच्या माणसांकडून असं काम होईल का, अशी शंका मुंबईत घेतली जाते. मी ती बैठकांमध्ये ऐकलेली आहे. तिला उत्तर गडचिरोलीनेच देऊन ठेवलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ या संस्थेचं काम सुरू केलं. बाळांचे सर्वाधिक बळी घेणाऱ्या आजारांत न्यूमोनिया होता आणि खेड्यात डॉक्टर नव्हता. मिनिटाला श्वास किती, यावरून न्यूमोनिया ओळखता येतो. पण ज्या दाईला साठपर्यंत आकडे मोजता येत नाहीत तिने काय करायचं? बंगांनी तिच्यासाठी श्वासमापक तयार केला. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्या बाळांसाठी, दुसरी त्याहून मोठ्या लेकरांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर बाळाला न्यूमोनिया आहे, औषध सुरू करायचं. बस. मोठ्या वैद्यकीय ज्ञानाचं सार एका चौकटीत बसवलं आणि निर्णय दाईच्या हातात दिला. आज ज्याला आपण निर्णय साहाय्य प्रणाली म्हणतो ती गडचिरोलीच्या खेड्यांत विजेशिवाय चालत होती. पुढे याच जिल्ह्यातल्या आरोग्यदूत बायांनी नवजात बाळांची घरोघरी जी काळजी घेतली, तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि २०११ मध्ये ती पद्धत देशभरच्या आशाताईंच्या कामात गेली. म्हणजे देशाने गडचिरोलीकडून शिकायचं, हे याआधी घडून गेलेलं आहे.

मला या गोष्टीतला एक तपशील फार महत्त्वाचा वाटतो. मणी किती असावेत हे दाईला काय जमतं ते पाहून ठरलं. साधन तिच्या मापाचं होतं. आपल्या सरकारची कृत्रिम बुद्धिमत्तेची धोरणं मी वाचत असते. शेतीसाठीचं महाॲग्री-एआय धोरण जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटींची तरतूद केली. पोलिसांसाठी नागपुरात ‘मार्व्हल’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनी उभी राहिली. पेंचच्या जंगलात वणवा काही मिनिटांत टिपणारा कॅमेरा २०२४ मध्ये बसला. ही पावलं मला मनापासून आवडतात. पण ब्रह्मपुरीचा धान उत्पादक किंवा कोरचीची ग्रामसभा यांच्या मापाचं साधन बनवायला त्यांच्या शेजारी बसणारी माणसं लागतील, आणि ती माणसं आज पहिली संधी मिळताच हिंजवडीची गाडी पकडतात. चंद्रपूरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ चं, गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ २०११ चं. मुलं इथेच शिकतात. शिकून झाल्यावर करण्याजोगं काम इथे नसतं.

आता धंद्याचं बोलते. स्टार्टअप म्हटलं की गुंतवणूक, नवकल्पना स्पर्धा, इन्क्युबेशन सेंटरची इमारत असं चित्र डोळ्यांपुढे येतं. सेवा देणारी कंपनी या वाटेने वाढत नाही. तिला वाढवतं गिऱ्हाईक, तेही पुन्हा काम देणारं आणि वेळेवर पैसे देणारं. वस्तू बनवणाऱ्याने एकदा वस्तू केली की ती हजार ठिकाणी विकता येते. आमचं तसं नाही. काम दुप्पट झालं की माणसं जवळजवळ दुप्पट लागतात, आणि त्यांचा पगार महिन्याच्या सात तारखेला द्यावा लागतो, बिल निघो वा न निघो. म्हणून सेवा कंपनीची अडचण काम नसताना असते त्याहून काम वाढल्यावर जास्त होते. मोठा आदेश हातात आला की आनंदाआधी पोटात गोळा येतो, की तीन-चार महिने पगार कुठून आणायचे. बँक तारण मागते. आमच्याकडे तारण ठेवायला संगणक आणि न निघालेली बिलं.

चंद्रपुरात खासगी गिऱ्हाईक आहे, नाही असं नाही. महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे, वेकोलिच्या कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत, बल्लारपूरची पेपर मिल आहे. कन्व्हेयर पट्ट्यावर चीर पडली का, कामगाराच्या डोक्यावर हेल्मेट आहे का, खाणीतल्या रस्त्यावर डंपरमागे माणूस आला का, हे कॅमेऱ्याने पाहून सांगण्याची कामं तिथे निघतात. पण त्यांची खरेदी बहुतेक करून मुख्यालयातून होते आणि मुख्यालय इथे नसतं. गडचिरोलीत वैरागडच्या पुढे गेलात की कामाचा सर्वांत मोठा मालक सरकारच. वन विभाग, आरोग्य विभाग, आदिवासी विकास, महसूल. या दोन जिल्ह्यांत आमच्यासारख्यांचं पहिलं गिऱ्हाईक सरकार झालं नाही तर दुसरं गिऱ्हाईक येण्याइतके दिवस आम्ही टिकत नाही.

आणि नेमकं तिथेच दार बंद असतं. निविदेत मागच्या तीन वर्षांच्या उलाढालीची अट असते, अशाच प्रकारचं काम आधी केल्याचा दाखला मागितलेला असतो. नव्या कंपनीकडे हे असणार कसं? केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत स्टार्टअपना पूर्वानुभवाची आणि उलाढालीची अट शिथिल करण्याची मुभा दिलेली आहे. मुभा असते, पण तालुक्याच्या पातळीवरचा अधिकारी ती वापरत नाही, कारण लेखापरीक्षणात प्रश्न आला तर उत्तर त्याला द्यायचं असतं. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या पाठीशी वरून कुणी उभं राहत नाही तोवर तो मोठ्या कंपनीलाच काम देणार. ती मोठी कंपनी काम घेते आणि प्रत्यक्ष खपणारी पोरं इथूनच उचलते, निम्म्याहून कमी दरात. आम्ही स्वतः असं दुसऱ्याच्या नावावरचं काम केलेलं आहे. अहवालावर आमच्या कंपनीचं नाव नव्हतं, म्हणून पुढच्या निविदेला तो अनुभव दाखवताही आला नाही.

बिलांचं दुखणं याहून जुनं. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. कायदा इतका स्पष्ट आहे. पण एका कार्यालयाकडून आमचे पैसे थकले तेव्हा तक्रार करावी का, यावर आम्ही बसून विचार केला आणि केली नाही, कारण पुढचं कामही त्याच टेबलावरून निघायचं होतं. लहान गावात गिऱ्हाईक एकच असलं की कायद्याचा आधार घ्यायची हिंमत होत नाही. हे पैसे वेळेवर देण्यासाठी नवा कायदा नको, नवी योजना नको. जिल्हाधिकाऱ्यांच्या मासिक आढावा बैठकीत ‘४५ दिवसांवरची थकीत बिलं’ असा एक रकाना असला तरी पुष्कळ फरक पडेल.

राज्याच्या नाविन्यता सोसायटीचा स्टार्टअप सप्ताह मला याच कारणासाठी आवडतो. त्यात निवडलेल्या २४ स्टार्टअपना १५ लाखांपर्यंतचा कार्यादेश दिला जायचा. कुणाच्या हाती ढाल किंवा धनादेश देण्यापेक्षा काम देणं हा विचार फार नेमका आहे. माझी विनंती आहे की ही पद्धत या दोन जिल्ह्यांसाठी कायमची करा. दर वर्षी वन, आरोग्य आणि आदिवासी विकास या खात्यांनी ठरावीक लहान कामं, पाच-दहा-पंधरा लाखांची, फक्त चंद्रपूर-गडचिरोलीत कार्यालय आणि माणसं असलेल्या कंपन्यांसाठी काढावीत. काम खराब झालं तर पुन्हा देऊ नका. पण चांगलं झालं तर पुढचं दुप्पट द्या, आणि मोठ्या कंपनीला दिलेल्या कामात स्थानिक कंपनी भागीदार असेल तर तिचं नाव करारात आणि अहवालात यावं.

आतापर्यंत जे बोलले ते पैशांबद्दल होतं. यापुढचं मला त्याहून महत्त्वाचं वाटतं.

२०२५ मध्ये केंद्राच्या जनजातीय कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ हे भाषांतराचं साधन आणलं. आयआयटी दिल्लीच्या पुढाकाराने ते तयार झालं आणि सुरुवातीच्या चार भाषांत संथाली, भिली, मुंडारी यांच्याबरोबर गोंडी आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे २९ लाख ८४ हजार होते, पण ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. तिचं साधन व्हावं, ही फार चांगली गोष्ट घडली. धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने मुलांना गोंडीतून शिकवण्यासाठी स्वतःची शाळा काढली, इतकी ओढ या भाषेबद्दल लोकांना आहे. पण भामरागडची माडिया वेगळी, राजुरा-जिवतीकडची गोंडी वेगळी, सीमेपलीकडच्या आदिलाबादची वेगळी. दवाखान्यात आलेली माडिया आई बाळाचं दुखणं सांगते ते यंत्राला कळायचं असेल तर भामरागड-एटापल्लीच्या बायांचे, म्हाताऱ्यांचे, लेकरांचे आवाज शेकडो तास लागतील. ते आवाज आता गोळा होणार. कुणीतरी करणारच, कारण त्यांना किंमत आली आहे.

त्या वेळी कोणता दर लावायचा, हे आजच ठरवलं पाहिजे. या धंद्याचं वाईट टोक जगाने पाहिलेलं आहे. २०२३ च्या जानेवारीत ‘टाइम’ने उघड केलं की केनियातल्या कामगारांना ताशी दोन डॉलरहून कमी मजुरीत, माणसाचं मन उद्ध्वस्त करणारा मजकूर दिवसभर वाचून यंत्रासाठी छाटावा लागत होता. चांगलं टोकही आहे, आणि ते आपल्या देशात आहे. बंगळुरूची ‘कार्या’ ही संस्था खेड्यातल्या लोकांकडून त्यांच्या भाषेतले आवाज मोबाइलवर घेते, तासाला किमान पाच डॉलर देते, आणि तीच सामग्री पुन्हा विकली गेली तर आवाज देणाऱ्याला पुन्हा वाटा देते.

हा वाटा इकडच्या माणसाला परका नाही. तेंदूपानाचा पुडा सत्तर पानांचा. फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पुडे मोजून दिले की तोडाईची मजुरी मिळते. पण गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा आता तेंदूचा लिलाव स्वतः करतात, आणि मजुरीनंतर पान विकलं गेलं की रॉयल्टीही गावाच्या खात्यात येते. मजुरी हाताच्या कामाची, रॉयल्टी जंगलाच्या मालकीची. आवाजाला आणि फोटोला हेच लागू करा. एटापल्लीच्या आजीने दोन तास गोष्टी सांगितल्या तर तिला त्या दोन तासांची मजुरी मिळावी, आणि तिच्या आवाजावर शिकलेलं यंत्र जिथे जिथे विकलं जाईल तिथून ग्रामसभेला रॉयल्टी यावी. कायद्यात हा विचार नवा नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावाच्या वनस्पती आणि त्यांचं पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्याने गावाला लाभाचा वाटा द्यावा असं तत्त्व मान्य केलेलं आहे. औषधी मुळीसाठी जे मान्य आहे ते बोलीसाठी का असू नये?

हे न ठरवल्यास काय होतं ते आमच्या नागभीड तालुक्याने पाहिलेलं आहे. नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, दीड एकराचे शेतकरी. १९८० च्या दशकात पटेल-३ या धानात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं निवडून पेरल्या, आणि त्यातून बारीक तांदळाचं एचएमटी हे वाण निघालं. त्यांच्याकडून बियाणं गेलं, कृषी विद्यापीठाने शुद्ध करून ते ‘पीकेव्ही-एचएमटी’ म्हणून प्रसृत केलं, राज्या-राज्यांत ते पिकलं, दुकानादुकानांत विकलं गेलं. दादाजींना पुरस्कार मिळाले, २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ने ग्रामीण उद्योजकांत त्यांचं नाव घेतलं, पण पैसा आला नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले, ते हलाखीतच. लोंबी ओळखणारी नजर त्यांची होती आणि तिच्यावर बाजार दुसऱ्यांनी उभा केला. माझ्या ऑफिसातली ती मुलगी रानडुक्कर ओळखते तेव्हा मला दादाजी आठवल्याशिवाय राहत नाहीत, आणि म्हणूनच हे पत्र लिहायला बसले.

ग्रामसभेला विचारायचं कसं, ही अडचण कुणी सांगू नये. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने ती पद्धत घालून दिलेली आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने त्या गावाने अभ्यास गट चालवले, सर्वसहमतीने निर्णय घेतले, २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबू विकण्यासाठीचं वाहतूक परवान्याचं पुस्तक केंद्रीय मंत्र्यांच्या हातून गावात घेतलं. त्याआधी वन विभागाला वाटायचं की पास देण्याचं काम गावाला जमणार नाही. जमलं. आवाज आणि फोटो यांच्या वापराचा परवानाही गाव देऊ शकेल. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा एकेकट्या माणसाची संमती पाहतो. बोली आणि जंगल एकेकट्याचं नसतं, म्हणून ग्रामसभेचा ठराव त्याच्या जोडीला हवा. हे गडचिरोलीत आधी करून पाहा. पालकमंत्री म्हणून एवढं आपण एका बैठकीत ठरवू शकता.

माझ्या धंद्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. फोटोवर शिक्के मारण्याचं काम कायम राहणार नाही. यंत्र सुधारत जाईल तसं सोपं काम त्याच्याकडे जाईल, आणि जायलाच हवं. या कामाच्या भरवशावर हजारो नोकऱ्यांचं आश्वासन कुणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण आज शिक्के मारणारी मुलगी उद्या यंत्राची परीक्षा घेणारी होऊ शकते, परवा भोंग्याचा आकडा ठरवणारी, आणि त्यापुढे स्वतःचं साधन बनवणारी. पुण्यात १९९० मध्ये आनंद देशपांडे यांनी सुरू केलेली ‘पर्सिस्टंट’ ही कंपनी दुसऱ्यांची सॉफ्टवेअरची कामं करत करतच आजच्या उंचीवर पोचली. आमच्या मुलांना ही पायरी चढायला पाच-सात वर्षं सलग काम मिळालं पाहिजे. मधे एक वर्ष खंड पडला की ती पुण्याला जातात, आणि गेलेली परत येत नाहीत.

म्हणून इमारती मागत नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागड दर पावसाळ्यात तुटतं. तिथे मोठं केंद्र बांधण्यापेक्षा नेटवर्क नसतानाही चालणारी साधनं विकत घेण्याची अट निविदेत घाला. ती अट आली की तशी साधनं बनवणारे आपोआप उभे राहतील, आणि ती बनवायला भामरागडचा पावसाळा पाहिलेलीच माणसं लागतील.

पुढचा तेंदू हंगाम मे महिन्यात लागेल. त्याआधी सिंदेवाही, चिमूर, ब्रह्मपुरी आणि मूल तालुक्यांत, जिथे बाया पहाटे जंगलात शिरतात अशा गावांपैकी दहा गावं निवडा. त्या गावांतली सूचना यंत्रणा चालती ठेवण्याचं, तपासण्याचं आणि गावाशी बोलून आकडा ठरवण्याचं काम वर्षभरासाठी इथल्याच कंपन्यांना द्या, आमच्याच कंपनीला द्या असं नाही. दर महिन्याला खरे इशारे किती, खोटे किती, निसटले किती, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहायला लावा. बिल ४५ दिवसांत द्या. वर्षाअखेर आकडे पाहून काम चालू ठेवायचं की बंद करायचं ते ठरवा. खर्च किती येईल याचा तपशीलवार अंदाज माझ्याकडे तयार आहे. आपल्या कार्यालयाने किंवा दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांपैकी कुणीही बोलावलं तर घेऊन येईन.

कळावे,

आपली,
चंद्रपूरची एक सेवा-उद्योजक